मोनोब्लॉक घेण्याआधी खुर्ची साडेतीन फूट पुढे घ्या

प्रश्न : मी ५९ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली राहतो. हॉल १५ फूट बाय १२ फूट. वडिलांच्या दीडशेच्या आसपास रेकॉर्ड माझ्याकडे आहेत. बहुतेक शास्त्रीय गायन, थोडं नाट्यसंगीत. ६० वॉटचा इंटिग्रेटेड स्टिरिओ ॲम्प्लिफायर आठ वर्षं वापरतोय. स्पीकर उभे, एका वॉटला ८७ डेसिबल देणारे, ६ ओहम. तक्रारी दोन आहेत. डग्गा घुमतो, थाप वेगळी कळत नाही. आणि गायक, तंबोरा, पेटी सगळं एकमेकांत मिसळतं. पुण्यातल्या एका दुकानदारानं सांगितलं, ‘साहेब, एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन चॅनल ओढताय. मोनोब्लॉकची जोडी, म्हणजे प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ॲम्प लावा, स्पीकर मोकळे होतील.’ जोडी पावणेतीन लाखांना पडते. चांगला स्टिरिओ पॉवर ॲम्प १ लाख १५ हजारांना. मुलगा म्हणतो, एकसारखे दोन साधे स्टिरिओ ॲम्प घेऊन ब्रिज करा, म्हणजे एका ॲम्पचे दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडा, स्वस्तात मोनोब्लॉक होतील. पत्नीला दोन तापणारे डबे जमिनीवर नकोत, घरात तीन वर्षांचा नातू आहे. काय करावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधी एक सांगतो, तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. कान तुम्हाला फसवत नाहीत. चूक झाली आहे ती निदानात. मोनोब्लॉकची जोडी घेऊ नका. ब्रिज तर मुळीच करू नका. आणि तो १ लाख १५ हजारांचा स्टिरिओ ॲम्पसुद्धा महिनाभर लांबणीवर टाका. ही निवृत्तीची रक्कम आहे, ती कुठे कामी येईल हे आधी बघू.

डग्ग्यापासून सुरुवात करतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावून सांगतो की तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि स्पीकर टीव्हीच्या शोकेसच्या दोन बाजूंना, जवळजवळ कोपऱ्यात उभे आहेत. आपल्याकडे हॉल असाच लागतो. आता खोलीचं गणित बघा. १५ फूट म्हणजे साधारण ४.५७ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या बसतात त्या खोलीत अडकून राहतात. तुमच्या हॉलच्या लांबीत पहिली बसते ३७ ते ३८ हर्ट्‌झला आणि दुसरी तिच्या दुप्पट, म्हणजे ७५ हर्ट्‌झला. रुंदीची पहिली ४७ हर्ट्‌झच्या आसपास, दुसरी ९४ला. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात असतो. वादक मनगट दाबून मींड काढतो तेव्हा तो स्वर या आकड्यांवरून सरकत जातो, आणि ज्या क्षणी खोलीच्या आकड्याशी जुळतो त्या क्षणी अख्खा हॉल त्याच्याबरोबर गुंजायला लागतो. मग पुढची थाप आधीच्या थापेच्या घुमाऱ्यात बुडते.

हा दोष खोलीचा की ॲम्प्लिफायरचा, हे ठरवायला एक पैसाही लागत नाही. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घ्या. मागच्या भिंतीपासून साडेतीन ते पावणेचार फूट पुढे ठेवा आणि तीच रेकॉर्ड, तोच तुकडा ऐका. ७५ हर्ट्‌झची लहर भिंतीशी सर्वांत जोरात असते आणि खोलीच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या हॉलमध्ये ती जागा भिंतीपासून पावणेचार फुटांवर येते. तिथं बसल्यावर डग्गा आवरला गेला तर प्रश्न सुटला. ॲम्प्लिफायरला तुम्ही कुठे बसलात ते कळत नाही. जो घुमारा खुर्ची हलवल्यावर बदलतो, तो ट्रान्सफॉर्मर एक असो की दोन, ॲम्प बदलून जाणार नाही.

त्यानंतर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. त्यांच्या मागच्या भिंतीपासून दीड ते दोन फूट, बाजूच्या भिंतीपासूनही तेवढंच. रोज ते तिथं राहू शकत नसतील तर जमिनीवर खडूनं खूण करा आणि ऐकायच्या वेळी पुढे ओढा. नातू असलेल्या घरात हे जास्त बरं.

दुसऱ्या तक्रारीत आपल्या शहराचाही हात आहे. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत मातीचं छत, लाकडी तुळया, जाड भिंती असायच्या. आवाज तिथं विरून जायचा. आताच्या हॉलमध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत पट्टी आणि रंग, समोर काचेच्या सरकत्या खिडक्या. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्र’ असा पत्र्यासारखा आवाज आला तर तेच तुमच्या तंबोऱ्याचं होतंय. तंबोऱ्याची सगळी गंमत जव्हारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीवरून, उठणाऱ्या वरच्या स्वरांत असते. ते स्वर स्पीकरमधून एकदा आणि फरशीवरून, भिंतींवरून आपटून काही सहस्रांश सेकंदांनी पुन्हा पुन्हा येतात. गळ्याचे कंगोरे या गर्दीत झिजतात.

इलाज नवी पेठेत मिळतो. नाही तर तुमच्या कपाटातच असेल. आपली सोलापुरी चादर, ती जाड जॅकार्डची. दोन चादरी एकावर एक घेऊन बाजूच्या भिंतीवर, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगा. पडद्याचा रॉड पुढे काढून बसवला की झालं. कुठं टांगायची हे शोधायला मुलाला हातात आरसा घेऊन भिंतीलगत चालायला सांगा. तुम्ही खुर्चीत बसा. आरशात स्पीकर दिसला ती जागा. दोन्ही बाजूंना तसं करा आणि स्पीकर व खुर्ची यांच्यामध्ये जमिनीवर जाड सतरंजी टाका. चादरीनं डग्ग्याला काही फरक पडणार नाही, कापड इतकी लांब लहर अडवू शकत नाही. तिचं काम वरच्या स्वरांपुरतं आहे, ते ती चोख करते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत मी हा प्रयोग केला आहे. यंत्रमाग बंद असतानाच्या शांत वेळात आधी आणि नंतर ऐकवलं की घरातली संगीत न ऐकणारी माणसंही फरक सांगतात.

आता दुकानदाराच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच खोटं बोलला नाही.

स्टिरिओ ॲम्पमध्ये दोन्ही चॅनल एका डब्यात असतात आणि बहुतेक वेळा वीजपुरवठा एकच असतो. डाव्या बाजूला अचानक मोठा आवाज आला की पुरवठा क्षणभर दबतो आणि त्याची सावली उजव्या बाजूवर पडते. शिवाय एका चॅनलचा अगदी थोडा अंश दुसऱ्यात झिरपतो. मोनोब्लॉकमध्ये प्रत्येक चॅनलला स्वतंत्र डबा, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. तिथं हे होत नाही. गुण खरा आहे. प्रश्न एवढाच की तुमच्या घरात तो ऐकू येईल का.

चांगल्या स्टिरिओ ॲम्पमध्ये दोन चॅनलमधलं अंतर ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे एका बाजूचा तीन हजारावा हिस्सा दुसरीकडे जातो. तुमच्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या भागात, हेच अंतर २५ ते ३० डेसिबल असतं, कारण दोन्ही बाजूंचा आवाज एकाच खाचेतून एकाच सुईनं उचलायचा असतो. २५ डेसिबल म्हणजे अठरावा हिस्सा. पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही अशा आपल्या गावात कुणी पिंपाला करंगळीएवढं भोक ठेवून नळाच्या सांध्यातल्या थेंबासाठी प्लंबर बोलावत नाही. इथं भोक सुईपाशी आहे.

आणखी एक. वडिलांच्या रेकॉर्ड काढून लेबलवरचे क्रमांक बघा. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी अशी अक्षरं असतील तर ती रेकॉर्ड मोनो आहे. ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. जगात स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८च्या सुमारास आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं मोनो निघत राहिल्या. वडिलांचा संग्रह साठच्या दशकातला असेल तर त्यात मोनो भरपूर निघतील. मोनो रेकॉर्डमध्ये डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज असतो. तिथं दोन चॅनल वेगळे ठेवायला पावणेतीन लाख घालणं म्हणजे एकाच पाण्याचे दोन तांबे वेगवेगळ्या देव्हाऱ्यात ठेवणं. उलट तुमच्या ॲम्पवर ‘मोनो’ असं बटण असेल तर या रेकॉर्ड लावताना ते दाबा. सुई खाचेत वरखाली हलल्यानं जो खरखराट उठतो तो दोन चॅनलांत उलटसुलट असतो. एकत्र केला की बराचसा आपापसांत फिटतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं एलपीवर असतील तर या एका बटणानं काय होतं ते ऐकाच.

सुईबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून मला काळजी वाटते. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज एक तास ऐकलंत तरी दोन-अडीच वर्षांत ती बदलायला हवी. ती आठ वर्षं जुनी असेल, किंवा वडिलांच्या काळची असेल, तर पहिला खर्च तिच्यावर करा. झिजलेली सुई ‘स’ आणि ‘श’ फाटके ऐकवते, आणि वडिलांच्या रेकॉर्डच्या खाचा कायमच्या कापते. ॲम्प नंतर कधीही बदलता येईल. ती खाच परत भरून येत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण मोनोब्लॉकला उगाच फार वरचं स्थान दिलं जातं. स्टिरिओ येण्याआधी घरातला प्रत्येक ॲम्प्लिफायर एकाच चॅनलचा असायचा. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं स्टिरिओचं पेटंट १९३१ मध्ये दाखल केलं, पण ते घराघरांत पोचायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली. क्वाड कंपनीचा १९५३ सालचा प्रसिद्ध क्वाड टू हा व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) ॲम्प एका चॅनलचाच होता. पुढं स्टिरिओ आल्यावर लोकांनी शेजारी तसाच दुसरा आणून ठेवला. तेव्हा ती जोडी चैन नव्हती, दुसरा मार्गच नव्हता. व्हॉल्वच्या ॲम्पचे ट्रान्सफॉर्मर इतके जड असतात की दोन डबे करणं पाठीच्या दृष्टीनंही शहाणपणाचं होतं. आज तळहाताएवढे, जवळजवळ न तापणारे क्लास डी मोनोब्लॉकही मिळतात. दोन डबे म्हणजे वरचा दर्जा असं समीकरण नाही.

मग ताकदीचं काय? दुकानदार म्हणेल, चॅनल सोडा, तुमच्या ६० वॉटला दम नाही. हे तोंडानं ठरवू नका, मोजा. साधा मल्टिमीटर घ्या. तुमचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा आहे असं धरून सांगतोय. व्हॉल्वचा असेल तर हे करू नका, कारण व्हॉल्वचा ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर जळू शकतो. सीडी प्लेअरवर किंवा फोन जोडून तुम्ही कधीकाळी ज्या सर्वांत मोठ्या आवाजात ऐकता, तिथं व्हॉल्यूमची कळ ठेवा आणि खूण करा. ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा. तारांची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. मग त्याच साधनावरून, त्याच खुणेवर ५० हर्ट्‌झचा पूर्ण पातळीचा चाचणी स्वर वाजवा. इंटरनेटवर असे स्वर फुकट मिळतात. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा लिहून घ्या. तुमच्या ऐकण्यात ॲम्पला जास्तीत जास्त जो ताण येऊ शकतो तो हा.

६० वॉटचा ॲम्प ८ ओहमवर साधारण २२ व्होल्टपर्यंत स्वच्छ देतो. तुमचा आकडा १० आला तर तुम्ही ८ ओहमच्या हिशेबानं साडेबारा वॉट वापरताय. १५च्या आत असेल तर ॲम्पला हात लावू नका. माझा अंदाज तसाच आहे. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर, नऊ फुटांवरची खुर्ची. एकेक वॉट दिला तरी तुमच्या कानापाशी ८४ डेसिबलच्या आसपास पोचतात, आणि ८४ म्हणजे शेजाऱ्यांना राग ओळखता येईल एवढा आवाज. निवांत ऐकताना वॉटचा दहावा हिस्सा पुरतो. तबल्याची जोरकस थाप त्याच्या शंभरपट मागते असं धरलं तरी दहा वॉट होतात.

आकडा २२च्या जवळ गेला तर मात्र मी चूक आणि दुकानदार अर्धा बरोबर. तेव्हाही लक्षात घ्या, ६०चे १२० वॉट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे ६०० वॉट लागतील. वॉटचे आकडे जाहिरातीत दिसतात तसे घरात ऐकू येत नाहीत.

मुलाच्या सूचनेमागं प्रेम आहे, काटकसर आहे, पण ब्रिज करण्यात तुमच्या स्पीकरला धोका आहे. ब्रिजमध्ये ॲम्पचे दोन्ही अर्धे एकाच स्पीकरला दोन टोकांनी ढकलतात. प्रत्येक अर्ध्याला स्पीकरचा निम्माच रोध दिसतो. तुमच्या ६ ओहमचे तिथं ३ होतात. शिवाय ६ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांवर ४च्या खालीही उतरतो, म्हणजे ॲम्पला २ ओहमपेक्षा कमी दिसणार. बऱ्याच ॲम्पच्या माहितीपुस्तकात ब्रिजसाठी ‘किमान ८ ओहम’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात, स्लॅबखाली, तापलेल्या खोलीत असा ॲम्प आधी तापेल, मग बंद पडेल, आणि नशीब फिरलं तर स्पीकरची कॉइल घेऊन जाईल.

वीजजोडणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी बुधवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मी हौसेनं मोनोब्लॉकची जोडी लावली होती. एकेक स्पीकरजवळ एकेक डबा, प्रत्येकाची पिन आपापल्या भिंतीवरच्या बोर्डात. रात्री भूप लावला आणि खालून घरघर सुरू. विजेची घरघर ५० हर्ट्‌झ आणि तिच्या पटींत येते, ५० आणि १०० हे दोन्ही पेटीवरच्या पांढरी पाचच्या अगदी शेजारचे स्वर, किंचित चढे. गायकाचा षड्ज काळी एकचा होता. काळी एकला पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. ज्या रागात मध्यम मुळातच नाही त्याच्याखाली अखंड तीव्र मध्यम वाजत होता. दोन रात्री मी तारा बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी वायरमननं डावीकडचा बोर्ड उघडला तेव्हा हिरवी तार नुसतीच आत लोंबत होती, अर्थिंगला जोडलेलीच नव्हती. एका डब्याला अर्थिंग होतं, दुसऱ्याला नव्हतं, आणि सिग्नलची तार दोघांना बांधत होती. ती घरघर त्याच तारेतून फिरत होती.

दोन डबे, दोन बोर्ड, मध्ये लांब तार, हा मोनोब्लॉकचा नेहमीचा धोका आहे. एका डब्याच्या ॲम्पमध्ये तो बराच कमी असतो. तुम्ही काहीही घेतलंत, नाही घेतलंत तरी वायरमनकडून हॉलच्या सगळ्या बोर्डांचं अर्थिंग तपासून घ्या. फेज ते अर्थ जवळजवळ २३० व्होल्ट यायला हवेत आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालायची आठवण सोसायटीला करा. आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडा खड्डा नावापुरता राहतो. आणि घरघर थांबवायला कुणी ‘थ्री-पिनची जाड पिन काढून टाका’ असं सुचवलं तर ऐकू नका. नातवाचा हात ज्या धातूच्या डब्याला लागणार आहे त्याचं ते मुख्य संरक्षण आहे. लाइट गेल्यावर जो इन्व्हर्टर चालतो त्यावरही पॉवर ॲम्प घेऊ नका. स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. तेवढा वेळ विश्रांती घ्या.

पत्नीचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात आणि स्लॅबखालचा हॉल रात्री नऊलाही निवत नाही. त्यात आणखी दोन तापणारे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लहान मुलाच्या उंचीवर कशाला? आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं असा दुरुस्तीवाल्यांचा हिशेब आहे. आताचा ॲम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडला असेल तर बाहेर काढा, वर किमान चार इंच मोकळे ठेवा. दर दिवाळीला, प्लग काढून, जाळीवरचा कापूस आणि धूळ मऊ ब्रशनं झाडा. मागांच्या जवळच्या घरांतून माझ्याकडे आलेल्या ॲम्पमध्ये हीटसिंकवर अक्षरशः पेळू बसलेला असतो.

दुकानदारानं न सांगितलेला एक खर्चही आहे. मोनोब्लॉकला व्हॉल्यूमची कळ नसते, रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट नसतं. तुमच्या इंटिग्रेटेडला मागे ‘प्री-आउट’ (पुढच्या ॲम्पला सिग्नल देणारी जागा) नसेल तर फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट) असलेला वेगळा प्रीॲम्प घ्यावा लागेल. पावणेतीन लाख ही सुरुवात झाली. आणि ‘स्पीकरची तार आखूड होते’ या फायद्यासाठीही दोन डबे नकोत. इलेक्ट्रिकलच्या दुकानातली २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार चार मीटर नेलीत तर जाऊन-येऊन ०.०५५ ओहम रोध होतो. ६ ओहमच्या स्पीकरला तो डेसिबलचा दहावा भागही कमी करत नाही.

मोनोब्लॉक कुणी घ्यावेत? ज्याचे स्पीकर ८३-८४ डेसिबलचे आणि २-३ ओहमपर्यंत उतरणारे आहेत. ज्याचा हॉल वाड्याच्या दिवाणखान्याएवढा आहे आणि जो समोर मैफल बसल्यासारखा आवाज मागतो. ज्याला व्हॉल्वचाच ॲम्प हवा आहे. त्याला मी स्वतः दुकानात घेऊन जाईन, आणि दोन्ही डबे एकाच बोर्डावरून चालवा, एक सुरू करून मगच दुसरा सुरू करा, एकदम केलेत तर एमसीबी पडतो, हेही सांगेन.

महिन्यानंतर मीटरचा आकडा मोठाच आला, तर स्टिरिओ ॲम्प घ्या. घेताना माहितीपत्रकात ८ ओहमचे वॉट आणि ४ ओहमचे वॉट शेजारी ठेवून वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीच्या जितका जवळ, तितका आतला पुरवठा भक्कम. काही स्टिरिओ ॲम्पमध्ये एकाच डब्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांना ड्युअल मोनो म्हणतात. मोनोब्लॉकचा बराचसा गुण तिथं एका पिनवर, एका अर्थिंगवर मिळतो. १ लाख १५ हजारांत तसा मिळाला तर माझी पसंती त्याला.

आणि घरी आणून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. तुलना करताना दोन्ही ॲम्प एका पातळीवर आणा. चाचणी स्वर लावून स्पीकरवर एकाचे २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्याचेही २.०० यायला हवेत. जरासा मोठा आवाज कानाला नेहमी ‘मोकळा’ आणि ‘स्वच्छ’ वाटतो. दुकानात बरेच सौदे एवढ्यावरच होतात. अमेरिकेत १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइल मासिकाच्या लोकांपुढे दाखवलं की दोन ॲम्प नीट जुळवले तर फरक कळत नाही. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी आपल्या स्वस्तातल्या ट्रान्झिस्टर स्टिरिओ ॲम्पमध्ये फेरफार केले, तो महागड्या व्हॉल्वच्या मोनोब्लॉक जोडीशी जुळेपर्यंत. दोघांच्या आवाजातला फरक सुमारे ७० डेसिबल खाली गेला आणि ऐकणाऱ्या जाणकारांना कोणता कोणता ते सांगता आलं नाही. पुढे दुकानात आलेल्या नगांवरून वाद झाले, पण त्या चाचणीत ऐकलेलं खोडून काढता आलं नाही.

तुम्हाला आधी करायचंय ते एवढंच. आज खुर्ची. या आठवड्यात सुई, सतरंजी, चादरी. वायरमन जेव्हा मिळेल तेव्हा. मग एखाद्या निवांत दुपारी मुलाला बरोबर घेऊन मीटर. आकडा आला की मला कळवा, आणि रेकॉर्डच्या लेबलांवर ईएएलपी किती निघाल्या तेही लिहा.